कोरोनात गुंतवणूकदार ‘घाबरले’ म्हणजे नेमकं कोण? एका लोकप्रिय संशोधन विषयाची चिरफाड



पेट झाली, आता आराखडा लिहायचा आहे, विषय सुचवा, असं विचारणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःच एक विषय घेऊन येतात: ‘कोविड काळातील शेअर बाजारातील चढ-उतार आणि गुंतवणूकदारांची प्रतिक्रिया’. विषय वाईट नाही. आकडेवारी फुकट मिळते, घटना अलीकडची आहे, मार्गदर्शकही पटकन हो म्हणतात. अडचण पुढे येते. आराखड्यातलं गृहीतक बहुतेक वेळा एकाच साच्याचं असतं: महामारीच्या भीतीने गुंतवणूकदारांनी घाबरून विक्री केली.

हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. पण शेअर बाजारात प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. कोणी विकला म्हणजे त्याच क्षणी, त्याच भावाला, कोणीतरी घेतला. सगळेच घाबरले असते तर व्यवहारच झाले नसते. त्यामुळे ‘गुंतवणूकदार घाबरले का?’ यापेक्षा ‘कोण विकत होतं, कोण घेत होतं आणि कशामुळे?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. या लेखात तोच सोडवून बघू.

आधी घटनाक्रम

१४ जानेवारी २०२० ला सेन्सेक्स ४१,९५२ वर बंद झाला होता. तो तेव्हाचा उच्चांक. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं आणि १२ मार्चला सेन्सेक्स २,९१९ अंकांनी पडला. १३ मार्चला सकाळी बाजार उघडताच निर्देशांक १० टक्क्यांहून खाली गेला, लोअर सर्किट लागलं आणि व्यवहार ४५ मिनिटं थांबले. पण त्याच दिवशी बाजार सावरला आणि सेन्सेक्स १,३२५ अंक वर बंद झाला. एका दिवसात दोन टोकं!

मग आला २३ मार्चचा सोमवार. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू होता, मुंबईची लोकल बंद करण्याचा निर्णय झाला होता, अनेक जिल्हे बंद होत होते. पुन्हा सर्किट, पुन्हा ४५ मिनिटं व्यवहार बंद. या वेळी मात्र बाजार सावरला नाही. सेन्सेक्स ३,९३४ अंक म्हणजे १३.१५ टक्के पडून २५,९८१ वर आला. निफ्टी ७,६१० वर.

त्यानंतरची चढण तितकीच नाट्यमय आहे. जुलैअखेर सेन्सेक्स ३७ हजारांच्या पुढे होता, ९ नोव्हेंबरला त्याने जानेवारीचा उच्चांक मागे टाकला आणि २१ जानेवारी २०२१ ला व्यवहारादरम्यान पहिल्यांदा ५० हजारांना स्पर्श केला. दहा महिन्यांत जवळपास दुप्पट.

कोण विकत होतं?

मार्च २०२० मध्ये परदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदारांनी भारतीय शेअरमधून जवळपास ६२ हजार कोटी रुपये काढून घेतले. त्याच महिन्यात देशी संस्थांनी, म्हणजे म्युच्युअल फंड, विमा कंपन्या वगैरेंनी, ५० हजार कोटींहून अधिकची निव्वळ खरेदी केली.

आणि सामान्य माणूस? त्याचा अंदाज म्युच्युअल फंडांच्या मासिक आकड्यांवरून येतो. मार्च २०२० मध्ये इक्विटी फंडांत निव्वळ ११,७०० कोटींहून अधिक रुपये आले. आले, गेले नाहीत! म्हणजे ज्या महिन्यात ‘घाबरून विक्री’ व्हायला हवी होती, त्या महिन्यात पैसा आत येत होता.

आता पुढचे महिने बघा. हा ओघ आटत गेला. जूनमध्ये निव्वळ आवक जेमतेम २४० कोटी. जुलै २०२० मध्ये चित्र उलटलं: सुमारे २,४८० कोटी रुपये बाहेर गेले. चार वर्षांहून अधिक काळानंतर पहिल्यांदाच असं झालं. मग फेब्रुवारी २०२१ पर्यंत सलग आठ महिने पैसा बाहेरच जात राहिला.

म्हणजे बाजार कोसळला तेव्हा लोक थांबले आणि बाजार वर आला तेव्हा निघाले. ‘भीती’ हा एकच शब्द वापरून हे समजावता येत नाही.

आकड्याच्या आत काय दडलंय?

घाईघाईत ‘भारतीय गुंतवणूकदार धाडसी निघाला’ असा निष्कर्ष काढू नका. मार्च २०२० मध्ये एसआयपीतून ८,६०० कोटींहून अधिक रुपये आले. एसआयपीचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. त्यासाठी कोणी त्या दिवशी बसून निर्णय घेतलेला नसतो. म्हणजे मार्चच्या आवकेतला मोठा भाग हा धाडस नसून फक्त ‘काही न करणं’ होता.

उलट बाजूलाही हेच लागू होतं. जुलै-ऑगस्टमध्ये निव्वळ आकडा उणे होता, पण एसआयपीतून दरमहा ७,८०० कोटींच्या आसपास रक्कम येतच होती. तरीही निव्वळ आकडा उणे, म्हणजे पैसे काढण्याचं प्रमाण दिसतं त्यापेक्षा खूप मोठं होतं. निव्वळ आकडा हा वजाबाकीचं उत्तर असतो. प्रतिक्रिया अभ्यासायची तर आवक वेगळी, जावक वेगळी आणि आपोआप होणारे व्यवहार वेगळे मांडायलाच हवेत.

नफ्यात विकायचं, तोट्यात धरून बसायचं

आता सिद्धांताकडे येऊ. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये प्रॉस्पेक्ट थिअरी मांडली. सोप्या भाषेत तिचं सार असं: माणूस आपल्याकडे एकूण किती आहे यावरून सुखी-दुःखी होत नाही. तो मनात एक संदर्भबिंदू धरतो आणि त्याच्या वर आहे की खाली हे बघतो. खाली असण्याचं दुःख तेवढंच वर असण्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं. शिवाय तोट्यात असलेला माणूस तोटा पक्का करण्यापेक्षा ‘बघू, येईल वर’ म्हणत धोका पत्करतो.

हर्श शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये हाच विचार शेअर बाजाराला लावला आणि त्याला ‘डिस्पोझिशन इफेक्ट’ नाव दिलं: नफ्यातला शेअर लवकर विकणं आणि तोट्यातला धरून बसणं.

आपल्या भागात हे समजायला शेअर बाजारात जावं लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा गाठला होता. नवा माल येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आला. त्या हंगामाचा हमीभाव होता ३,९५० रुपये. म्हणजे पाच हजारांचा भाव हमीभावापेक्षा चांगलाच वर होता. तरी माकणीपासून लातूरपर्यंत कितीतरी घरांत कट्ट्यांची थप्पी तशीच लागून राहिली, कारण डोक्यात दहा हजार बसले होते. हमीभावाशी तुलना केली असती तर तो फायदा होता. दहा हजारांशी केली म्हणून तो तोटा झाला. भाव एकच, संदर्भबिंदू दोन.

मार्च २०२० मध्ये फंडधारकाचंही असंच झालं असावं. खरेदीचा भाव डोक्यात, समोर लालभडक आकडा. विकलं तर तोटा पक्का. मग थांबला. जुलैनंतर खरेदीचा भाव परत दिसू लागला आणि त्याने सुटकेचा श्वास सोडून पैसे काढले: ‘मुद्दल निघालं, बास.’ त्यानंतर बाजार कुठे गेला हे वर पाहिलंच.

पण थांबा, दुसरं स्पष्टीकरणही आहे

वरची गोष्ट इतकी नीट जुळते की अनेक प्रबंध इथेच संपतात. खरं संशोधन इथून सुरू होतं.

आरोग्य संकट हे साध्या बाजारपडीसारखं नसतं. त्यात भीती आणि पैशांची गरज एकाच वेळी घरात शिरतात. २०२० च्या मध्यावर कितीतरी घरांत पगार कापले गेले होते, दुकानं बंद होती, कोणी दवाखान्यात होतं. सरकारनेच मार्च २०२० अखेर भविष्य निर्वाह निधीतून कोविडसाठी आगाऊ रक्कम काढायची मुभा दिली होती: तीन महिन्यांचं मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा खात्यातली ७५ टक्के रक्कम, यातलं जे कमी असेल ते. लोकांना रोख लागणार हे उघड होतं.

मग जुलैमध्ये फंडातून पैसे काढणारा माणूस मानसिक चुकीमुळे निघाला की दवाखान्याचं बिल भरायला निघाला? मासिक एकूण आकड्यात दोघेही सारखेच दिसतात. हा फरक फक्त तात्त्विक नाही. पहिलं खरं असेल तर शिफारस ‘गुंतवणूकदार शिक्षण’ ही असेल. दुसरं खरं असेल तर शिक्षणाने काय होणार? तिथे आरोग्य विमा आणि हाताशी सहा महिन्यांची शिल्लक हवी. नडलेल्या माणसाला आपण ‘भावनिक गुंतवणूकदार’ म्हणून प्रबंधात नोंदवून ठेवलं, तर ती त्याच्यावर अन्यायाची नोंद आहे.

दोन्ही स्पष्टीकरणं वेगळी करायची कशी? टेरन्स ओडीन यांच्या १९९८ च्या अभ्यासात याची सुंदर वाट आहे. अमेरिकेतल्या एका दलाली पेढीच्या १०,००० खात्यांचे व्यवहार त्यांनी तपासले. युक्ती अशी: एखाद्या खात्यात ज्या दिवशी विक्री झाली, त्या दिवशी खात्यातले सगळे शेअर मोजायचे. किती नफ्यात होते, त्यातले किती विकले? किती तोट्यात होते, त्यातले किती विकले?

समजा खात्यात १० शेअर आहेत. ४ नफ्यात, ६ तोट्यात. त्या दिवशी एक नफ्यातला आणि एक तोट्यातला विकला. वरवर बघता दोन्हीकडे एकेकच विक्री. पण नफ्यातल्यांचं प्रमाण ४ पैकी १ म्हणजे २५ टक्के आणि तोट्यातल्यांचं ६ पैकी १ म्हणजे सुमारे १७ टक्के. हे खातं नफा विकण्याकडे झुकलेलं आहे. ओडीन यांना एकूण नमुन्यात हे प्रमाण १४.८ आणि ९.८ टक्के सापडलं.

आता आपल्या प्रश्नाला हे लावा. ज्याने विकलं त्याला गरज होती असं क्षणभर मान्य करू. गरज ‘विकायचं की नाही’ हे ठरवते. पण ‘कोणता विकायचा’ हे गरज सांगत नाही, तिथे मन दिसतं. आणि ज्यांनी सगळंच काढून खातं रिकामं केलं, त्यांच्याकडे निवडीला जागाच नव्हती. त्यांना वेगळ्या गटात ठेवा, तिथे गरजेचं स्पष्टीकरण आधी तपासा. एवढी एक विभागणी केली तरी तुमचा प्रबंध गर्दीतून वेगळा निघेल.

इव्हेंट स्टडी करणाऱ्यांसाठी तीन खड्डे

प्राथमिक आकडेवारी नको म्हणून बरेच जण इव्हेंट स्टडीकडे वळतात. घटना नसती तर परतावा किती असता याचा अंदाज घ्यायचा, प्रत्यक्ष परताव्यातून तो वजा करायचा, उरला तो असामान्य परतावा. मी मूळची सांख्यिकीची, त्यामुळे इथले खड्डे जरा लवकर दिसतात.

पहिला खड्डा तारखेचा. देशव्यापी लॉकडाउन ही घटना धरली तर घोषणा २४ मार्चच्या रात्री ८ वाजता झाली. बाजार तेव्हा बंद होता. म्हणून घटनेचा दिवस २५ मार्च, त्या दिवशी गुढीपाडवा होता. त्या दिवशी सेन्सेक्स सुमारे ७ टक्के वर गेला! म्हणजे यांत्रिकपणे अभ्यास केला तर ‘लॉकडाउनमुळे बाजार वाढला’ असं उत्तर येईल. खरं तर बंदची धास्ती २३ तारखेच्या भावात आधीच उतरली होती. शिवाय अमेरिकेत २४ मार्चला बाजार ११ टक्क्यांनी उसळला होता, कारण तिथे मोठ्या मदत पॅकेजची बोलणी पक्की होत होती. एका खिडकीत दोन-तीन घटना असतील तर श्रेय कोणाला द्यायचं हे आधी ठरवा.

दुसरा खड्डा तुलनेचा. निफ्टीला मापदंड धरून अपेक्षित परतावा काढला की संपूर्ण बाजाराची पडझड वजाबाकीत निघून जाते. आपल्याला जी घटना मोजायची होती तीच गायब! अशा मांडणीतून औषध कंपन्या आणि बँका यांच्यातला फरक दिसेल, पण ‘बाजारावर परिणाम किती’ याचं उत्तर मिळणार नाही. त्यासाठी आधीच्या शांत काळातला सरासरी परतावा किंवा दुसरा मापदंड घ्यावा लागतो.

तिसरा खड्डा कसोटीचा. साधी टी-कसोटी असं मानते की प्रत्येक कंपनी हे स्वतंत्र निरीक्षण आहे आणि अस्थिरता आधीसारखीच आहे. २३ मार्चला यातलं काहीच खरं नव्हतं. सगळ्या कंपन्यांची घटना एकाच तारखेची, सगळ्या एकत्र पडल्या. अस्थिरता मोजणारा इंडिया विक्स त्या आठवड्यात ८० च्या वर गेला होता. अशा वेळी ५० कंपन्या घेतल्या तरी हाती आलेली माहिती ५० स्वतंत्र निरीक्षणांइतकी नसते आणि पी-मूल्य खोटा आत्मविश्वास देतं. परस्परसंबंधाची दुरुस्ती करा आणि अस्थिरतेसाठी गार्च कुटुंबातलं प्रतिमान वापरा. फक्त सॉफ्टवेअरमध्ये बटण आहे म्हणून गार्च लावू नका. ते भावाची अस्थिरता सांगतं, माणसाच्या मनातलं नाही.

आणि प्रश्नावली वाटणार असाल तर

समजा तुम्ही माकणी, लोहारा, उमरगा असा परिसर घेतला आणि गूगल फॉर्म फिरवला. ‘मार्च २०२० मध्ये मी घाबरलो होतो: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ…’ इथे तीन गोष्टींचा विचार आधी करा.

एक, तुमच्या उत्तरदात्याने ती पडझड पाहिली होती का? देशातली डिमॅट खाती मार्च २०२० ला सुमारे ४.१ कोटी होती. मार्च २०२१ ला ती साडेपाच कोटींच्या आसपास गेली आणि मार्च २०२२ ला ९ कोटींच्या जवळ. म्हणजे २०२२ मध्ये खाती असलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक खाती पडझडीनंतरची. त्यांना मार्च २०२० बद्दल विचारणं म्हणजे भूकंपानंतर गावात राहायला आलेल्याला हादऱ्याबद्दल विचारणं. म्हणून फॉर्ममधला पहिला प्रश्न: खातं कोणत्या महिन्यात उघडलं?

दोन, जे तोटा सोसून कायमचे निघून गेले, ते तुमच्या नमुन्यात नाहीतच. ते गुंतवणूकदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नसतात. उरलेल्यांची उत्तरं घेतली की निष्कर्ष येतो ‘गुंतवणूकदारांनी संयम ठेवला’. अर्थात! संयम न ठेवणाऱ्यांना तुम्ही विचारलंच नाही. शिवाय गावात बचत फक्त शेअरमध्ये नसते. पतसंस्था, भिशी, पोस्ट, सोनं यांतही असते. संकटात आधी काय मोडलं, हा क्रम विचारा. त्यातून गरज आणि भीती वेगळी व्हायला मदत होईल.

तीन, आठवण शेवट बघून बदलते. बाजार ५० हजारांवर गेल्यावर प्रत्येकाला वाटतं की आपल्याला तेव्हाच कळलं होतं. म्हणून आठवणीऐवजी नोंद मागा. डिपॉझिटरीकडून येणारं एकत्रित खाते विवरण प्रत्येकाला मिळतं. ३० लोकांची खरी विवरणं ३०० लोकांच्या आठवणींपेक्षा जास्त बोलतात. अर्थात लेखी संमती घ्या, पॅन आणि खाते क्रमांक तुमच्यासमोरच खोडायला सांगा, आणि गाव लहान असेल तर वय-व्यवसाय एकत्र लिहून कोणाची ओळख उघड होणार नाही याची काळजी घ्या. आमच्यासारख्या गावात ‘निवृत्त शिक्षक, वय ६१’ एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो.

मग आराखड्यात लिहायचं काय?

‘कोविडचा गुंतवणूकदारांवरील परिणाम अभ्यासणे’ हे उद्दिष्ट नाही, ते फक्त प्रकरणाचं शीर्षक आहे. त्याऐवजी हे बघा:

‘जानेवारी २०२० पूर्वी खाते असलेल्या व्यक्तींनी मार्च २०२० ते मार्च २०२१ या काळात केलेल्या विक्रीत नफ्यातील गुंतवणूक विकण्याचे प्रमाण तोट्यातील गुंतवणुकीपेक्षा जास्त होते का, आणि त्याच काळात घरातील उत्पन्न घटलेल्यांमध्ये हा फरक कमी होतो का?’

वाक्य लांब आहे, पण त्यात कोण, कधी, काय मोजायचं आणि कोणत्या उत्तराने आपलं म्हणणं खोटं ठरेल, हे सगळं आहे. उत्पन्न घटलेल्या घरांतही फरक तसाच राहिला तर मानसिक स्पष्टीकरणाला बळ मिळेल. फरक मावळला तर गरजेकडे बोट जाईल. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.

आराखडा लिहून झाला की एक छोटी तपासणी करा. त्यात ‘गुंतवणूकदार’ हा शब्द जिथे जिथे आहे तिथे पेन्सिलीने विचारा: कोणता? परदेशी फंड, एसआयपी चालू ठेवणारा नोकरदार, लॉकडाउनमध्ये मोबाइलवर खातं उघडलेला तरुण, की दवाखान्यासाठी फंड मोडणारं घर? ज्या वाक्यात उत्तर देता येणार नाही, ते वाक्य पुन्हा लिहा. व्हायव्हामध्ये हा प्रश्न येणारच आहे, तो आधी स्वतःला विचारलेला बरा.